जिल्ह्याच्या गावाचा पाठ : सातारा

खेड्यांतील प्राथमिक शाळांच्या सहली दरवर्षी जिल्ह्याच्या गावी जातात. सहल परत आली म्हणजे दुसऱ्या दिवशी 'मी पाहिलेले सातारा' या विषयावर निबंध लिहवून घेण्याची चाल आहे. या निबंधांत अजिंक्यतारा असतो, संग्रहालयातील शस्त्रे असतात, राजवाड्याजवळच्या चौपाटीवरील भेळ असते, आणि कंदी पेढे तर असतातच. अशाच निबंधांच्या एका गठ्ठ्यात इयत्ता चौथीतील एका मुलीने लिहिले होते की, साताऱ्यात एवढी माणसे आहेत, पण रस्त्यावर कोठे विहीर दिसली नाही, हंडा घेतलेली बाई दिसली नाही. शिक्षकांनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून 'विषयांतर' असा शेरा दिला होता. वस्तुतः साऱ्या गठ्ठ्यात शहर पाहिले होते ते याच एका मुलीने. बाकीच्यांनी शहरातील वस्तू पाहिल्या होत्या.

शहर ही माणसांनी केलेली एक व्यवस्था होय. तेथे पाणी कोठून तरी आणावे लागते, ते वाटावे लागते, रस्ते आखावे लागतात, दुखणेकऱ्याची सोय करावी लागते, कागद जपून ठेवावे लागतात. ही व्यवस्था कोणी केली, केव्हा केली आणि तिचा लाभ कोणास मिळाला व कोणास मिळाला नाही, हे मुलांस समजले म्हणजे शहराचा पाठ झाला असे समजावे. सातारा हे या पाठासाठी फार सोयीचे गाव आहे. ते आटोपशीर आहे, जुने आहे, आणि त्याचा इतिहास अद्याप रस्त्यांवरून चालत चालत वाचता येतो.

पाठाचा प्रारंभ वर्गातच करावा. ओल्या मातीने अंगणात शहराचा उठाव तयार करावा. दक्षिणेस अजिंक्यताऱ्याचा डोंगर, पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर, या दोहोंच्या कुशीत उतारावर वसलेले शहर, उत्तरेच्या बाजूस वेण्णा, पूर्वेस कृष्णा, आणि या दोन नद्यांचा माहुली येथे होणारा संगम. इतके पुरे आहे. मुलांस विचारावे की नद्या खाली आणि गाव वर, तर गावाने पाणी कोठून प्यावे? उत्तर सांगण्याची घाई करू नये. नदीकाठच्या गावातील मुले कावड सांगतील, माण-खटावकडील मुले टँकर सांगतील. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत.

यानंतर एक साधा प्रयोग करावा. टेबलावर पाण्याने भरलेली बादली ठेवून तीत रबरी नळीचे एक टोक बुडवावे, नळी पाण्याने पूर्ण भरून घ्यावी व दुसरे टोक जमिनीवरील घमेल्यात सोडावे. पाणी आपोआप वाहू लागेल. तेच टोक हळूहळू उचलून बादलीतील पाण्याच्या पातळीपेक्षा वर न्यावे, धार थांबेल. हा प्रयोग मुलांनी स्वतःच्या हाताने करावा, कारण साताऱ्याच्या पाण्याचा सारा इतिहास या नळीत आहे.

साताऱ्यास पाणी नदीतून वर आले नाही, ते डोंगरावरून खाली आले. यवतेश्वराच्या बाजूचे पाणी खापरी नळांतून शहरात आणून तळ्यांत व हौदांत खेळविण्याची सोय मराठी राजवटीत झालेली होती. मातीच्या भाजलेल्या नळ्या एकीत एक बसवून जमिनीखालून नेलेली ही वाट पंपावाचून आणि इंजिनावाचून चाले. शहराच्या पश्चिमेस डोंगराच्या पायथ्याशी महादरे तळे आहे, गावात मोती तळे, मंगळवार तळे व फुटके तळे आहे. यांपैकी काही तळ्यांत पुढे गणेशविसर्जन होऊ लागले, पाणी बिघडले, आणि मंगळवार तळ्यातील विसर्जन अखेर थांबविण्यात आले. हीही गोष्ट मुलांस सांगण्यासारखी आहे. तळे बांधणे जितके अवघड, तितकेच ते तळे राहू देणेही अवघड असते.

शहर वाढले तसे हे पाणी अपुरे पडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी अमदानीत, शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरांवर कास येथे तलाव बांधण्यात आला व त्याचे पाणी डोंगराच्या कडेकडेने पाट काढून साताऱ्याकडे वळविण्यात आले. कासचा प्रदेश शहरापेक्षा तीनशे मीटरांहून अधिक उंच आहे, म्हणून हे पाणी विजेवाचून येते. पुढे पाटाच्या जागी नळ आले, आणि अलीकडे धरणाची उंची वाढवून साठाही वाढविण्यात आला, परंतु तत्त्व बादलीचे व नळीचेच राहिले. येथे एक मौज आहे. उरमोडी नदीचा उगम कासच्याच परिसरात होतो. शहराची दुसरी मोठी योजना, शहापूरची, ही त्याच उरमोडीच्या पाण्यावर चालते, पण नदी खाली उतरल्यानंतर. एकाच खोऱ्याचे पाणी. उंचावर अडविले तर स्वतःच्या पायांनी गावात येते, खाली जाऊ दिले तर विजेचे बिल भरून चढवावे लागते. हे गणित चौथीच्या मुलास कळते आणि कळले म्हणजे त्यास आनंद होतो. आज हजारो लोक कासला फुले पाहावयास जातात. २०१२ साली पश्चिम घाटातील जी ३९ स्थळे जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली, त्यांत कासचे पठार आहे. फुलांबरोबर तलावही पाहावा, एवढेच सहलीच्या शिक्षकांस सुचवावेसे वाटते.

ज्यास ही पाण्याची बाजू अधिक रंगवावयाची असेल त्याने लिंब येथील बारामोटेची विहीर सहलीत घ्यावी. १७१९ ते १७२४ या काळात वीरूबाई भोसले यांनी ती बांधविली. विहिरीतच बांधलेला छोटा महाल पाहून मुले थक्क होतात. त्यांस थक्क होऊ द्यावे, आणि मग मोट कशी चाले, बैल किती लागत, पाणी कोणत्या शेतास व बागेस जाई, हे विचारावे. ज्यांच्या घरी आजोबा आहेत ती मुले मोटेची माहिती घेऊन येतील.

इतिहासाच्या भागात सनावळ्यांचा भार टाकू नये. चार-पाच साले पुरेशी आहेत. १६७३ साली शिवाजी महाराजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला. १७०० साली, कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर, तो औरंगजेबाकडे गेला. त्या वेढ्यात प्रयागजी प्रभू यांनी किल्ला लढविला होता. तो पुन्हा मराठ्यांकडे आला आणि १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. गडाखालचे शहर वाढले ते त्यांच्या कारकीर्दीत. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार या वारांच्या पेठा, त्यांखेरीज यादोगोपाळ, मल्हार, चिमणपुरा, व्यंकटपुरा, रामाचा गोट अशी नावे फळ्यावर लिहून द्यावीत आणि सहलीच्या दिवशी ती दुकानांच्या पाट्यांवरून शोधण्यास सांगावे. पाट्या वाचण्याचा हा खेळ मुलांस फार आवडतो. त्याचा उपयोग पुढे येईल.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे नाव साताऱ्यात पदोपदी भेटते. इंग्रजांनी १८३९ साली त्यांस पदच्युत करून काशीस पाठविले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये राहून अर्जांमागून अर्ज करीत राहिले. दरम्यान १८४७ साली महाराज वारले, १८४८ साली वारस नाही या सबबीवर राज्यच खालसा झाले, आणि रंगो बापूजी रिकाम्या हातांनी परतले. १८५७ साली गेंडामाळावर १७ जणांस देहान्त शासन देण्यात आले. त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. ही कथा वर्गात शांतपणे सांगावी. तलवारीच्या कथा मुलांस पुष्कळ ठाऊक असतात. कागदाची लढाई लढलेल्या माणसाची कथा त्यांनी बहुधा ऐकलेली नसते.

राज्य गेले आणि शहराचे दोन भाग झाले, ते आजही नकाशावर दिसतात. पश्चिमेस राजवाडा, पेठा, बोळ व तळी. पूर्वेस इंग्रजांच्या छावणीच्या जागी सदर बझार, तेथे सरळ रस्ते, कचेऱ्या व बंगले. मध्ये पोवई नाका. नाक्यापासून राजवाड्याकडे जाणारा राजपथ, ज्यास जुने लोक वरचा रस्ता म्हणतात, आणि त्यास समांतर खालचा रस्ता, म्हणजे कर्मवीर पथ, यांवरून मुलांस एकदा तरी पायी चालवावे. बसमधून शहर कळत नाही. १८५३ साली नगरपालिका स्थापन झाली आणि दिवाबत्ती, पाणी, सफाई ही कामे तिच्याकडे आली. २०२० साली तिची हद्द वाढून भोवतालच्या वस्त्या शहरात आल्या. रेल्वे स्थानक मात्र गावापासून दूर माहुलीकडे नदीच्या खोऱ्यात राहिले आहे. मातीच्या उठावावर स्थानकाची जागा दाखविली म्हणजे मुले त्याचे कारण स्वतःच सुचवू लागतात.

आता राजवाड्याकडे यावे. जुन्या राजवाड्यात प्रतापसिंह हायस्कूल आहे, आणि ती जिल्हा परिषदेची शाळा आहे हे मुलांस आवर्जून सांगावे. आपली शाळा आणि ती शाळा एकाच घरची आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ २०१७ पासून राज्यातील शाळांत हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. रजिस्टरातील नोंदीचे छायाचित्र पुष्कळ ठिकाणी छापले गेले आहे. ते वर्गात लावावे.

परंतु येथे थांबून चालणार नाही. पाण्याचा पाठ चालू आहे, हे शिक्षकाने विसरू नये. डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, शाळेत त्यांस वर्गात निराळे बसावे लागे, बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे, आणि तहान लागली तरी नळास हात लावण्याची मुभा नसे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई नसेल तर पाणी नाही. १९०१ च्या सुमारास ते आपला भाऊ व भाचे यांच्यासह वडिलांना भेटण्यास साताऱ्याहून आगगाडीने निघाले. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनी स्वतःच हाकावी व गाडीवानाने बाजूने चालावे, अशा अटीवर प्रवास झाला. जवळ शिदोरी होती, पण पाणी मिळाले नाही म्हणून मुले उपाशी निजली.

ज्या शहराने डोंगर फोडून कोसांवरून पाणी आणले, त्याच शहरात एका मुलाच्या ओंजळीपर्यंत ते शेवटचे हातभर अंतर येऊ शकले नाही. हे वर्गात सांगताना काही शिक्षकांस संकोच वाटतो. मुले लहान आहेत, त्यांस हे कशाला, असे म्हटले जाते. पण ज्या मुलाबाबत हे घडले तोही नऊ-दहा वर्षांचाच होता. गोष्ट सांगून झाल्यावर शिक्षकाने आपल्या शाळेतील पाण्याच्या टाकीकडे एकवार पाहावे. तेथे तांब्या कोण बुडवितो, पाणी कोण भरते, कोणी कोणास थांबवितो काय, दुपारच्या भोजनाच्या पंक्ती कशा बसतात, हे न बोलता आठवडाभर पाहावे व जे दिसेल त्याची दुरुस्ती स्वतःपासून करावी. तपासणीच्या नमुन्यात यासाठी रकाना नाही, म्हणून ते पाहावयाचे नाही असे होत नाही.

याच शहरात त्या शतकाच्या पूर्वार्धात दुसरी एक व्यवस्था उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे स्थापिलेली रयत शिक्षण संस्था १९२४ साली साताऱ्यास आणली आणि तेथे निरनिराळ्या जातींची खेड्यांतील मुले एकत्र ठेवणारे वसतिगृह चालविले. मुलांनी एकत्र स्वयंपाक करावा, एकत्र जेवावे, अंगमेहनत करावी आणि शिकावे, अशी ती रीत होती. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. १९३५ साली ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. या जिल्ह्यातील शिक्षकांच्या कित्येक पिढ्या तेथे घडल्या. सहलीत कर्मवीरांच्या समाधीस जाताना मुलांस एवढेच विचारावे की, तुमच्या गावातून साताऱ्यास शिकावयास सर्वांत आधी कोण गेले होते? घरी जाऊन ते विचारून येतील. गावच्या इतिहासाचे ते पहिले पान ठरेल.

यापुढील भाग पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतो, परंतु खेड्यातील मुलाच्या दृष्टीने तो किल्ल्याइतकाच महत्त्वाचा आहे. खेड्यातील माणूस जिल्ह्याच्या गावी मौजेसाठी फार थोड्या वेळा जातो. तो जातो दुखणे घेऊन, तंटा घेऊन, किंवा दाखल्यासाठी. सदर बझारात क्रांतिसिंह नाना पाटील सर्वसाधारण रुग्णालय आहे, ज्यास लोक सिव्हिल म्हणतात. जिल्हाधिकारी कचेरी व न्यायालयही त्याच बाजूस आहे. या इमारतींच्या व्हरांड्यांत सकाळपासून बसलेली, कोणत्या खिडकीवर जावे हे विचारण्याचे धैर्य न झालेली माणसे कोणीही पाहावीत. त्यांच्यासोबत पुष्कळदा एखादे शाळकरी पोर असते. त्या पोरास पाटी वाचता येते, पण ती वाचून आपल्या आजीस योग्य दारापर्यंत न्यावे, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. पेठांच्या पाट्या वाचण्याचा जो खेळ वर सांगितला, तो येथे उपयोगी पडतो.

सहलीतील एक तास या कामी द्यावा. सर्व वर्ग कचेरीत नेऊन कामकाजास अडथळा करू नये. आधी पत्राने परवानगी घेऊन आठ-दहा मुलांच्या गटाने जावे. रुग्णालयात केसपेपर कोठे निघतो, रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक कसा लावावा, कचेरीत आवक-जावकचे टेबल कोणते, अर्ज दिला म्हणजे पोच का मागून घ्यावी, पोचेवर तारीख व क्रमांक आहे की नाही हे कसे पाहावे, हे प्रत्यक्ष दाखवावे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे अधिसूचित केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क नागरिकास आहे, आणि त्या सेवांची यादी कचेरीत लावलेली असावयास हवी. ती यादी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावी. तसेच कोणत्या कामासाठी शहरात जाण्याची गरजच नाही, हेही शिकवावे. सातबाऱ्याचा उतारा आता संगणकावरून मिळतो, त्यासाठी कोणाचा दिवसाचा रोजगार बुडण्याचे कारण नाही. परत आल्यावर प्रत्येक मुलाने एक खरा अर्ज लिहावा. शाळेसमोरील खड्डा बुजविण्याबद्दल ग्रामपंचायतीस लिहिलेला अर्ज काल्पनिक अर्जापेक्षा शंभरपट शिकवितो, मात्र तो खरोखर नेऊन द्यावा व पोच वर्गात लावावी. रंगो बापूजींची कथा त्या वेळी पुन्हा आठवून देण्यास हरकत नाही.

बाजाराविषयी थोडेच सांगावयाचे आहे. कंदी पेढा साताऱ्याचा म्हणून मिरवतो, पण त्याचे दूध भोवतालच्या खेड्यांतल्या म्हशींचे असते. पेढा खाण्यापूर्वी हे सांगितले तर तो अधिक गोड लागतो असा अनुभव आहे. संग्रहालयाबाबत एक सूचना करावीशी वाटते. १९ जुलै २०२४ पासून काही महिने लंडनच्या संग्रहालयातून आणलेली वाघनखे येथे मांडली होती, तेव्हा शाळांच्या रांगा लागल्या आणि पुष्कळ मुले काचेसमोर क्षणभर थांबून पुढे ढकलली गेली. पन्नास वस्तू धावत पाहण्यापेक्षा तीन वस्तूंसमोर बसून त्यांचे चित्र काढणे बरे.

सहलीचा क्रम पाण्याच्या वाटेने ठेवावा. सकाळी यवतेश्वराच्या घाटात थांबून शहर वरून पाहावे, तेथून महादरे, मग राजवाडा व पेठा, राजपथाने पोवई नाका, संग्रहालय, सदर बझार, आणि दुपार कलल्यावर माहुली. किल्ला चढावयाचा असेल तर त्यासाठी निराळा दिवस काढावा. एका दिवसात दोन्ही केले म्हणजे दोन्ही वाया जातात. माहुलीस घाट आहेत, विश्वेश्वराचे देवालय आहे, शाहू महाराजांची समाधी आहे आणि त्यांच्या आवडत्या कुत्र्याचेही स्मारक आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. मुलांचे लक्ष अर्थातच कुत्र्याकडे जाईल. जाऊ द्यावे.

मग सर्वांना संगमाच्या पायऱ्यांवर बसवून डबे सोडण्यापूर्वी सकाळच्या उठावाची आठवण द्यावी. कासहून निघालेले पाणी शहराने प्यावयास घेतले, वापरले, आणि वापरलेले पाणी उतारावरून कोठे गेले असेल? मुले नदीकडे पाहतील. नदी येथून पुढे कोणाच्या गावास जाते हेही त्यांस विचारावे; कराडकडील एखादा मुलगा असल्यास तो हात वर करील. परतल्यानंतरच्या आठवड्यात हाच प्रश्न आपल्या गावास लावावा. गावची टाकी कोठे, तिच्यात पाणी कोठून येते, कोणत्या वस्तीस शेवटी मिळते, सांडपाणी कोठे जिरते, हे मुलांनी हिंडून पाहावे व अंगणात गावाचा उठाव तयार करावा. पहिल्या उठावाची माती तोवर वाळलेली असेल. ती भिजवून पुन्हा वापरता येते.